पायाला विचारा

फ्लोरिडातल्या जुलैच्या भर दुपारी, कुत्रंसुद्धा गॅरेजच्या सावलीतून बाहेर यायला तयार नसतं तेव्हा, आमच्या समोरच्या घराच्या ड्राइव्हवेवर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ अनवाणी, डोळे मिटून, तेराचा पाढा म्हणत उभे असतात.

मी काहीही वाढवून सांगत नाहीये. टॅम्पाला राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यात माझी लेक इरा खिडकीतून ओरडली, "आई, दॅट आजोबा इज डान्सिंग अगेन!" मी भांडी आवरत होते, तशीच हात पुसत खिडकीशी आले. समोर काँक्रीटवर रंगीबेरंगी चौकोन पंगतीतल्या पाटांसारखे ओळीनं मांडलेले. आजोबांनी त्यातल्या एकावर पाय ठेवला, ओठ हलायला लागले, आणि थोड्याच वेळात ते "आई गं!" म्हणून शेजारच्या गवतावर उडाले. तिथं जरा पाय चोळले आणि पुढच्या चौकोनावर गेले.

मला वाटलं, ऊन लागलंय यांना. मी पाण्याची बाटली घेऊन धावत गेले. जवळ जाते तर कानावर आलं, "तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न..." बाप्पा! हे तर आपलेच निघाले.

"काका, बरं आहे ना?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. मी मराठीत बोलते याचं त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही. "या, या. चपला काढा," ते म्हणाले.

"काय?"

"चपला काढा आणि या राखाडीवर उभ्या राहा. गाव कुठलं तुमचं?"

"नागपूर."

त्यांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. "नागपूर! म्हणजे तुमच्या पायांना अनुभव आहे. फार उपयोगाचे पाय आहेत तुमचे."

आजवर माझ्या स्वयंपाकाचं कौतुक झालं, अक्षराचं झालं, एकदा तर ऑफिसात माझ्या कोडचंही झालं. पायांचं कौतुक करणारा हा पहिलाच माणूस. मी मुकाट्यानं चपला काढल्या.

हे आमचे निमकरकाका. तीस वर्षं मिशिगनमधल्या नोव्हाय नावाच्या गावी काढली. एका मोटार कंपनीत होते. गाडीच्या आतलं जे काही दिसतं, डॅशबोर्ड, दारांची अस्तरं, सीटची कव्हरं, ते उन्हात किती तापतं आणि किती विटतं हे बघणं हेच त्यांचं काम. रिटायर झाल्यावर काका आणि सुलूकाकू इथं आले, मागच्या दारी पाणी असलेलं घर घेतलं आणि एक बोटही घेतली. बोट म्हणजे शिडाची वगैरे नव्हे. खाली दोन लांब अॅल्युमिनियमचे नळे, त्यावर सपाट फळी, कडेनं कठडा आणि बाक. थोडक्यात, पाण्यावर तरंगणारा दिवाणखाना. ती त्यांच्या मागच्या धक्क्यावर, बोट पाण्याच्या वर उचलून धरणाऱ्या लिफ्टवर चढवून ठेवलेली असते.

आणि तिला जमीन नाही. म्हणजे खालची फळी आहे, पण तिच्यावर जे फोमचं आवरण घालतात, पाय घसरू नये, चालायला मऊ लागावं म्हणून, ते काकांनी उखडून टाकलंय. नवं घालायचं तर रंग ठरायला हवा, आणि ड्राइव्हवेवरचे ते चौकोन म्हणजे फोमच्या कंपनीकडून मागवलेले नमुने. रंग काही ठरत नाही. मी आले तेव्हा हे प्रकरण सुरू होऊन एक उन्हाळा उलटला होता, आणि दुसरा चालू होता.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? निवडा एखादा. मीही हेच म्हटलं होतं. मग काकांनी मला बसवून शिकवलं. गडद रंग दिसतो देखणा, त्यावर डाग दिसत नाहीत, पण दुपारी त्यावर पाय ठेवून बघा. पांढऱ्यावर पाय भाजत नाही, पण तो डोळ्यांवर असा उलटून येतो की समोरचं काही दिसत नाही, आणि वर हळदीचा एक थेंब पडला की जन्माचा राहिला. मधले रंग शंभर, आणि त्यातला प्रत्येक फसवा. "दिसायला फिकट आणि तापायला डांबर, असे असतात काही," काका म्हणाले. "डोळे खोटं बोलतात. पायाला विचारा."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. दुकानात चटई घेताना, कुणाच्या घरी मागच्या अंगणातला नवा फरसबंद पॅटिओ बघताना, देवळाच्या अंगणात प्रदक्षिणा घालताना, काका एक चप्पल काढून हळूच पाऊल टेकवतात आणि मान तिरकी करून थांबतात. पाय काहीतरी सांगतो. मग ते मान डोलावतात, नाहीतर "छे!" म्हणतात. देवळाच्या कमिटीला त्यांनी अंगणातली वाट फिकट रंगवायला लावली. लोक तिथं चटके बसून उड्या मारत चालायचे, ते आता शांतपणे चालतात. देवाला त्याचं काय वाटलं ठाऊक नाही, पण भक्तांनी दुवा दिला.

माझा नवरा, मंदार, म्हणजे गॅजेटवेडा माणूस. त्यानं काकांना वाढदिवसाला एक थर्मामीटर दिला. पिस्तुलासारखा धरायचा, चाप ओढला की समोरची वस्तू किती तापलीय ते दिसतं. काकांनी तो प्रेमानं घेतला, सगळ्या चौकोनांवर झाडला, आणि मग खिशात घालून परत अनवाणी उभे राहिले.

"काका, आता तर आकडा कळला ना?" मंदार वैतागला.

"आकडा कळला. पण आकड्याला कातडी नसते रे," काका म्हणाले. "तोच आकडा फोमवर वेगळा लागतो, लाकडावर वेगळा. पायाला विचार."

आणि पायाचं उत्तर मोजायचं कसं? तर पाढ्यानं. चौकोनावर उभं राहायचं आणि तेराचा पाढा सुरू करायचा. जिथं सहन होईना तिथं थांबायचं. एखादा रंग "तेरा दुणे"चा, एखादा "तेरा पाचे"चा. मी विचारलं, तेराच का? तर म्हणे, "दोनाचा फार सोपा, तोंड पळत सुटतं. एकोणीसचा अवघड, तिथं पाय भाजण्याआधी डोकं भाजतं. तेरा बरोबर आहे."

कंपनीनं रंगांना दिलेली नावंही त्यांना पसंत नव्हती. स्टॉर्म ग्रे म्हणे! वादळ राखाडी असतं असं कुणी सांगितलं? काकांनी सगळ्यांचं नव्यानं बारसं केलं. तपकिरी ते थालीपीठ. पिवळसर ते वरण. हिरवट राखाडी ते कुळथाचं पिठलं. जवळजवळ काळा होता तो जळका पापड. मग स्वतःच ठेवलेली नावं त्यांच्या तोंडात अशी बसली की मूळची आठवेनात. मी तिथं असताना एकदा त्यांनी कंपनीला फोन लावला. स्पीकरवर होता.

"नो, नो, मॅडम. थालीपीठ आय हॅव ऑलरेडी रिजेक्टेड. सेंड मी वन शेड लायटर."

पलीकडच्या बाईंनी बराच वेळ शोधलं असावं. मग फार नम्रपणे म्हणाल्या, "सर, वी डोंट कॅरी थालीपीठ."

"गुड!" काका म्हणाले. "इट इज टू हॉट."

आतून सुलूकाकूंचं खुदकन हसू ऐकू आलं.

सुलूकाकूंबद्दल सांगायलाच हवं, कारण हा सगळा खटाटोप त्यांच्या बोटीसाठी. कागदोपत्री ती काकांची असेल, पण मनानं काकूंचीच. काकू रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या. त्यांचे वडील होडी चालवायचे, या तीरावरची माणसं त्या तीरावर सोडायचे. काकू शाळेला जायच्या त्या वडिलांच्या होडीतून. लग्न होऊन आल्या त्या थेट बर्फात. "तीस वर्षं गं," त्या मला म्हणाल्या होत्या, "तिथलं पाणी बघावं तर दगड झालेलं." म्हणून इथं घर घेताना त्यांनी एकच मागितलं होतं. मागच्या दारी पाणी, आणि त्यावर जाता येईल असं काहीतरी. त्यांच्या घरामागचा कालवा पुढे जाऊन उपसागराला मिळतो. त्या तोंडापर्यंत जायचं, तिथं इंजिन बंद करून नुसतं बसायचं, एवढीच त्यांची इच्छा.

आणि एक अट. होडीत चपला घालायच्या नाहीत.

"आमच्या बाबांच्या होडीत पायताण घालून कुणी पाऊल टाकलं नाही. कलेक्टर आला तरी चपला हातात," काकू सांगायच्या. "होडी म्हणजे लक्ष्मी. तिच्यावर चपला? छे गं बाई!"

तर अशी सगळी कोंडी. काकू चपला घालणार नाहीत, काकांना रंग पसंत पडणार नाही, आणि बोट लिफ्टवर लटकलेली. रोज संध्याकाळी काकू धक्क्यावर खुर्ची टाकून तिच्याकडे बघत बसायच्या. मला ते बघवायचं नाही.

खरं सांगू? मला काकांचा राग यायला लागला होता. माणूस चांगला, पण कशाचाही अंत असतो की नाही? रंग एकदाचे तीनावर आले, तर त्यांनी रेघांचा विषय काढला. फोमला लाकडी फळ्यांसारखं रूप यावं म्हणून त्यात रेघा असतात. त्या काळ्या घ्यायच्या की फिकट? काळ्या रेघेवर नेमकी करंगळी आली तर? रेघांत एक महिना गेला. मग म्हणे ओला असताना कसा तापतो ते बघू. मग काकूंच्या कोलंबीच्या कालवणाचे थेंब टाकून डाग बघू. मी म्हटलं, वर कापडी छत टाका ना, सावलीत कुठलाही रंग चालेल. तर म्हणे, "ऊन तिरपं येतं. ते काय छताला विचारून येतं?"

त्यात त्यांची दुसरी एक सवय मला खटकायची. घरात काकू जरा स्वयंपाकघरातून अंगणाकडे निघाल्या की लगेच आरोळी, "सुलू, सपाता!" बिचाऱ्या काकू मागे फिरायच्या आणि सपाता घालायच्या. पोस्ट आणायला निघाल्या, "सुलू, सपाता!" तुळशीला पाणी घालायला निघाल्या, "सुलू, सपाता!" स्वतः मात्र दिवसभर अनवाणी. मी मनात म्हणायचे, हे बरंय. बायकोला शिस्त आणि स्वतःला मोकळीक.

ऑगस्टात एकदा काकू मला म्हणाल्या, "वैशाली, गुडघे धड आहेत तोवर एकदा त्या तोंडापर्यंत जाऊन आले असते गं. पुढचं कुणी बघितलंय?" हसत म्हणाल्या. घरी येऊन मी मंदारला म्हटलं, बस झालं, उद्या मी काकांना सुनावणार. मंदार म्हणाला, आपण कशाला मध्ये पडायचं. मी म्हटलं, आपणच पडायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तावातावानं रस्ता ओलांडला. काका नेहमीप्रमाणे त्यांच्या पंगतीत. आता चारच चौकोन उरले होते. त्यातला एक म्हणजे तो जळका पापड. तो कशाला ठेवलाय, नापास झालाय ना, असं विचारलं तर काका म्हणायचे, "त्याच्याशी बाकीचे ताडून बघायचे."

"काका, मला बोलायचंय."

"बोल. आधी या पापडावर उभी राहा. आज ऊन चांगलं आहे."

"मी नागपूरची आहे काका, मला उन्हाचं सांगू नका. मे महिन्यात गच्चीवर अनवाणी कुरडया घातल्यात मी!" असं म्हणून मी रागारागात चपला काढल्या आणि त्या काळ्यावर उभी राहिले. तेरा एके तेरा म्हटलं. तेरा दुणे म्हणेपर्यंत मी गवतावर होते. नागपूरची सगळी अब्रू त्या ड्राइव्हवेवर गेली.

"बघितलंस?" काका म्हणाले.

"बघितलं! आणि आता तुम्ही ऐका," मी पाय चोळत सुरू केलं. "दोन उन्हाळे झाले. काकूंना पाण्यावर जायचंय. तुम्हाला रंगांची हौस आहे हे मान्य, पण त्यांच्या इच्छेचं काय? घाला ना एखादा बरा रंग, करा ना त्यांची समजूत, घालतील त्या चपला. एवढं काय..."

तेवढ्यात दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या. हातात ट्रे, ट्रेमध्ये ताकाचे तीन पेले. "वैशालीचा आवाज ऐकला म्हणून आणलं. घे गं, उन्हातान्हाची आलीस. मीठ बघ बरोबर आहे का," असं म्हणत त्या आमच्यापाशी येऊन थांबल्या. ट्रे सांभाळायच्या नादात सपाता आत राहिल्या होत्या. आणि त्या थांबल्या त्या नेमक्या जळक्या पापडावर.

मी पेला घेतला. एक घोट घेतला. काकू सांगत होत्या, आल्याऐवजी आज जिरं घातलंय म्हणून. सावकाश, हसत, पेला माझ्या हातात नीट आलाय ना हे बघत. मला आधी कळलंच नाही. मग माझी नजर खाली गेली.

"बाप्पा! काकू, तुमचे पाय!"

"काय झालं पायांना?" काकूंनी खाली बघितलं.

काकांनी त्यांचा पेला कुठं टाकला कुणास ठाऊक. दोन ढांगांत पुढे आले, काकूंना दोन्ही खांद्यांना धरलं आणि म्हणाले, "सुलू, माझ्या पायांवर पाय ठेव. ठेव लवकर." काकूंनी आपली पावलं त्यांच्या पावलांवर ठेवली. आणि तसेच, त्यांना स्वतःच्या पायांवर घेऊन, काका एकेक पाऊल मागे सरकत गवतापर्यंत गेले. काका त्या तापल्या काँक्रीटवरून अनवाणी, आणि काकू ट्रे छातीशी धरून. "अहो, लोक बघतायत," काकू पुटपुटत होत्या.

गवतावर काकांनी त्यांना खाली बसवलं. चष्मा कपाळावर चढवला आणि तळवे वळवून वळवून बघितले, हातानं चाचपले, पाणी मागवून पाणी घातलं. लाल झाले होते, पण फोड नव्हते. "काही नाही झालं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कुणास ठाऊक. मग मला म्हणाले, "आतल्या तिच्या सपाता आण."

काकू सपाता घालून आत गेल्या. काका तिथंच गवतावर बसून राहिले. मी सुनावायला आलेली बाई, त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

"तिला डायबेटिस आहे, माहितीय ना तुला," काका म्हणाले.

माहीत होतं. काकू चहा बिनसाखरेचा घेतात आणि मोदक चोरून खातात, हे सगळ्या टॅम्पाला माहीत आहे.

"तिच्या पायांना काही कळत नाही गं आता. गरम नाही, गार नाही. काटा रुतला तरी नाही. नोव्हायलाच सुरू झालं होतं, पण तिथं पायांत कायम बूट. आमच्या लक्षातच आलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. बोट आली तेव्हा तिच्यावर गडद, जवळजवळ काळी जमीन होती. रंग काकांनीच निवडलेला. जन्म थंडीत गेलेला, गाडीच्या आतली गडद रंगाची ऊब म्हणजे त्यांना लाख मोलाची वाटायची. तोच डोळा इथं वापरला. बोट घरी आल्यावर पूजा ठेवली, पंधरा-वीस माणसं बोलावली. काकूंनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. दुपारची वेळ. आरती सुरू झाली तशी माणसं या पायावरून त्या पायावर नाचायला लागली, मग एकेक जण हळूच धक्क्यावर सटकला. काकू तेवढ्या हातात तबक घेऊन शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. जराही हलल्या नाहीत.

"लोक म्हणाले, काय श्रद्धा आहे हो वहिनींची! मीही म्हणालो. फोटो काढला मी तिचा." काकांनी त्या काळ्या चौकोनाकडे बोट दाखवलं. "तो तिथलाच तुकडा आहे. संध्याकाळी सपाता घालताना तीच म्हणाली, अहो, हे काय ओलं लागतंय हाताला? तळव्यांची कातडी..." ते थांबले. "चार महिने खाटेवर होती. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला हे नशीब समजा. आणि मी तीस वर्षं उन्हात काय किती तापतं हेच बघत होतो, वैशाली. हेच माझं काम होतं."

मी म्हटलं, "पण काका, मग चपला... एवढं सगळं झाल्यावर त्या ऐकतील की. तुम्ही नीट सांगितलंत तर."

"ऐकेल ना. मी सांगितलं तर ती लगेच घालेल. म्हणून तर सांगत नाही," काका म्हणाले. "खाडीवरची मुलगी ती. माझ्यामागे आली आणि तीस हिवाळे तिनं बूट घातले. पहाटे उठून बर्फ ओढला ड्राइव्हवेवरचा, मी कामाला वेळेवर निघावं म्हणून. कधी तक्रार नाही. आता आयुष्यात एका ठिकाणी ती अनवाणी उभी राहायचं म्हणते. तेवढं एक मी तिला देऊ नको?"

आतून भांड्यांचा आवाज येत होता. काकांनी स्वतःचे तळवे उलटे करून बघितले. चांगलेच लाल झाले होते.

"माझे पाय सांगतात, तुझे सांगतात. तिचे सांगत नाहीत," ते म्हणाले. "मग तिच्या वतीनं कुणीतरी विचारायला हवं ना."

मी रस्ता ओलांडून घरी आले आणि सिंकपाशी उभी राहून भरपूर रडले. मंदार म्हणाला, सुनावलंस का? मी म्हटलं, गप्प बस.

दुसऱ्या दिवसापासून त्या ड्राइव्हवेवर अनवाणी माणसं दोन झाली. शनिवार-रविवारी मंदार धरून तीन. इरानं मैत्रिणींना सांगितलं, माय होल फॅमिली इज डान्सिंग नाऊ. पण माझ्या पायांना खरंच अनुभव होता हो, काका उगीच म्हणत नव्हते. पिठल्यात आणि वरणात दुपारी दोननंतर जो फरक पडतो तो माझ्याच पायांनी पकडला.

शेवटी जिंकली ती ज्वारीची भाकरी. पांढरी नाही, राखाडी नाही, पिवळीही नाही. डोळ्यांवर येत नाही, हळद पडली तरी बोंब मारत नाही. रेघा तिच्याहून जराशाच गडद. ऐन दुपारी काकांनी तिच्यावर उभं राहून तेराचा पाढा संपवला. मग चौदाचा. मग सतराचा. एकोणतीसच्या पाढ्यात अडखळले, पण ते चटक्यामुळे नव्हे, तो पाढा त्यांना येतच नव्हता.

नवी जमीन बसवायला माणसं आली तेव्हा काका त्यांच्या डोक्यावर उभे. बसवून झाली तेव्हा मे उजाडला होता. मी म्हटलं, काका, आता संध्याकाळी गार वाऱ्यात घेऊन जा काकूंना. तर म्हणे, "संध्याकाळी कुठलाही रंग पास होतो. दुपारी निघायचं." भर दुपारी निघालो. काका, काकू, मंदार आणि मी.

काकूंनी धक्क्यावर सपाता काढून एका बाजूला नीट ठेवल्या. बोटीला हात लावून नमस्कार केला. काका आधी चढले. अनवाणी. एक पाऊल टाकायचे, थांबायचे, ओठ हलायचे, मग पुढचं. कठड्याच्या दारापासून सुकाणूच्या खुर्चीपर्यंत अशी वाट त्यांनी पायांनी तपासली, आणि मग हात पुढे केला. काकूंनी बरोबर त्याच वाटेनं पावलं टाकली.

सुकाणूवर काकूच बसल्या. काका त्यांच्या पायाशी, खाली जमिनीवर. आम्ही कालव्यातून हळूहळू निघालो. लोकांच्या मागच्या दारांवरून, धक्क्यांवर पाय सोडून बसलेल्या माणसांवरून. काकूंची मान सारखी इकडून तिकडे फिरत होती. तोंडाशी आलो तसं पाणी एकदम रुंद झालं, वारा लागला. काकूंनी इंजिन बंद केलं आणि उठून कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. बोट डुलायला लागली. काकूंचा तोल मात्र जराही गेला नाही. कुठल्या तरी जुन्या सवयीनं त्यांचे गुडघे आपोआप वाकत होते.

काका तळहातानं जमीन चाचपत त्यांच्या पायाशी येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "सुलू, पायांना कसं लागतंय?"

काकूंनी पाण्याकडेच बघत उत्तर दिलं, "गार लागतंय हो. अगदी आमच्या होडीसारखं."

मी चपला धक्क्यावरच काढल्या होत्या. माझे पाय त्याच जमिनीवर होते. ती गार नव्हती. कोमट होती, चांगली कोमट. काकांचा तळहात काकूंच्या पावलाशेजारी टेकलेला होता, त्यामुळे ते त्यांनाही कळत होतं. आणि काकूंना काहीच लागत नव्हतं, हे तर आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

काकांनी हात तसाच ठेवला. डोळे मिटले, मान जरा तिरकी केली, नेहमी करतात तशी.

"हो," ते म्हणाले. "गारच आहे."